दोन रिकाम्या कांड्या

"साहेब, पोरगी मुकी हाय!"

मी एवढंच म्हणाले, पण तपासणीच्या खोलीतली सगळी माणसं दचकली. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मुलगी मुकी असेल, पण मी बहिरा नाही. जरा हळू बोला."

माझा नवरा भरमू शेजारीच उभा होता. त्यानं खाली बघून हसू दाबलं. मला राग आला, पण डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही इचलकरंजीतल्या मागांच्या गल्लीतली माणसं. डावीकडे माग, उजवीकडे माग, आणि आमच्या खोलीच्या भिंतीला भिंत लावून एका शेटजींचा बारा मागांचा कारखाना. भरमू तिथंच कामाला. दिवसपाळी, रातपाळी, खटखट चालूच. तिथं नवरा-बायकोचं गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागतं, म्हणून आम्ही ते सांगतच नाही. हातानं खूण करायची आणि समोरच्याच्या ओठांकडे बघायचं. आमच्याकडे ऐकायचं काम कानांपेक्षा डोळेच जास्त करतात. लग्न होऊन आले तेव्हा मी महिनाभर वेड्यासारखी "काय? काय?" करत फिरत होते. पुढे सासूबाई पाठमोऱ्या झाल्या की त्यांचं बोलणं आपल्याला लागू नाही, हे मी शिकले आणि सुखी झाले.

आमची रतन, म्हणजे रतू, तेव्हा सहा वर्षांची होती. टेबलावर बसवलेली, पाठीला माझ्या हाताचा टेका. जन्मताना ती गुदमरली होती. पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे, डाव्या हाताची मूठ उघडायची नाही. तिला कळायचं मात्र सगळं. मी चिडले तर तोंड फिरवायची, बाप कामावरून आला की डोळे असे चमकवायची की मला तिचा हेवा वाटायचा. फक्त आवाज नव्हता. रडताना धापा टाकल्यासारखं करायची, पण मुकी पोरंसुद्धा रडतातच, असं सगळे म्हणायचे. मी दिवसभर तिच्या ओठांकडे बघायचे. ते कधी हलले नाहीत. पोरीनं एकदा मला आई म्हणावं, असं मला फार वाटायचं. आई नाही तर शिवी द्यावी. काहीही चाललं असतं.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर आठवड्याला व्यायामाला आणा आणि पायात पट्ट्यांचे बूट घाला, नाहीतर वाढत्या वयात पाय आखडून जातील. दर आठवड्याला मिरज म्हणजे आमच्यासाठी काशीयात्राच. भरमूला मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. मी घरी कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरायचं छोटं मशीन आमच्या खोलीतच होतं. दोनदा मिरजेला जाऊन आलो आणि तिसऱ्यांदा जायचं राहिलं ते राहिलंच.

मग समोरच्या गोकुळाकाकूंनी वाट दाखवली. त्यांच्या भाच्याच्या मुलाला सरकारी पगार सुरू झाला होता. अपंग मुलांना महिन्याला जे काही मिळतं, त्याला आमच्याकडे पगारच म्हणतात.

"शालन, तुझ्या रतूला बी बसतोय की गं," काकू माझ्या कानाशी येऊन ओरडल्या. "आधी मोठ्या दवाखान्यात नेऊन टक्क्याचा दाखला घ्या. पर नुसत्या पायाचं टक्के भरायचं न्हाईत बघ. मुकी हाय ते बी धरलं तर बसतंय. ते सांगायला इसरू नगंस. मोठ्यानं सांग!"

म्हणून मी मोठ्यानं सांगितलं होतं.

डॉक्टर माणूस चांगला होता. रतूचे गुडघे वाकवून बघितले, तळव्यावर किल्ली ओढली, डावी मूठ हळूच उलगडून बघितली. तिच्या मागे टाळी वाजवली तर रतूनं झटकन मान वळवली.

"ऐकू येतंय हिला."

"येतंय की," भरमू म्हणाला. "मागाच्या घरची हाय."

"बाळा, आ म्हण बघू. आऽऽ."

रतूनं त्यांच्या दाढीकडे टक लावून पाहिलं. ओठ मिटलेलेच. डॉक्टरांनी दोनदा, तीनदा प्रयत्न केला, तोंड उघडून बॅटरी मारली, आणि मग खुर्चीत बसून लिहायला घेतलं. भरमूनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. बसला पगार!

खोलीच्या मध्ये एक लाकडी पार्टिशन होतं. त्याच्या पलीकडे टायपिस्ट बाई बसायच्या. आम्ही आत आलो तेव्हा त्यांचा चहा चालला होता. तो संपला असावा, कारण एकदम टाइपरायटर सुरू झाला. खटखट, खटखट, खट, टिंग. पुन्हा खटखट.

आणि माझा तळहात थरथरला.

पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. आमच्या घरी भिंत थरथरते, फळीवरची भांडी थरथरतात, रतूला मांडीवर घेतलं तर ती आणि मी दोघी थरथरतो. त्याची सवयच होती. मग लक्षात आलं, इथं माग कुठाय? जमीन स्वस्थ, टेबल स्वस्थ. मग ह्या पोरीची पाठ कशानं हलते?

मी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला.

ती गुणगुणत होती. ओठ घट्ट मिटलेले, आणि आतून बारीक, घोगरा, पण सलग सूर. टाइपरायटर धावला की सूर धावायचा. टिंग झालं की थबकायचा. पुन्हा खटखट सुरू झाली की पुन्हा सुरू. तिचे डोळे अर्धे मिटले होते आणि चेहऱ्यावर असं सुख होतं, जे मी घरी रोज बघायचे आणि ते कशाचं आहे हे मला कधी कळलं नव्हतं.

सहा वर्षं. सहा वर्षं ती माझ्या मांडीवर गात होती, आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसले होते. माग चालू असताना ऐकू येणं शक्य नव्हतं. माग बंद पडले की तीही गप्प होत असणार. मला हसू आलं, आणि मी कान तिच्या तोंडाशी आणखी चिकटवला.

तेवढ्यात टायपिस्ट बाईंनी कागद बदलायला हात थांबवला. रतू गप्प झाली.

"म्हणजे जन्मापासून एकही आवाज नाही, असंच ना?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"एकबी न्हाई साहेब," भरमू म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याचे कान मागानं खाल्ले होते, त्याला त्यातलं काहीच ऐकू आलेलं नव्हतं. आणि डॉक्टरांचं लक्ष कागदात होतं. ऐकलं होतं ते मी एकटीनं.

मी भरमूची बाही ओढली आणि नुसते ओठ हलवले. *आवाज हाय तिला.*

त्यानं माझ्याकडे पाहिलं, रतूकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग त्यानंही आवाज न करता एकच शब्द उच्चारला. *मिरज.*

आम्ही डॉक्टरांच्या समोर उभं राहून भांडत होतो आणि त्यांना पत्ता नव्हता. *गप ऱ्हा,* भरमूचे ओठ म्हणाले. *घरी गेल्यावर बघू. तिचं पाय, शालन. तिचं पाय.*

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आजही मी बरोबरच म्हणेन. गप्प उभं राहायचं, एवढंच काम होतं. पण घरी काय बघणार होते मी? घरी बारा माग. घरी गेलं की तो आवाज पुन्हा त्या खटखटीच्या पोटात जाणार. आणि दुसऱ्यांदा ऐकायला मिळेल की नाही, कुणी सांगावं? नुकतं घोटभर पाणी मिळालेल्या माणसाला तांब्या खाली ठेव म्हटलं तर तो ठेवील का?

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "लिहू नगा."

रतूला भरमूच्या हातात दिली आणि मी पार्टिशनला वळसा घालून टायपिस्ट बाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"बाई, जरा मशीन चालवा की."

"अहो, कागद आला नाही अजून तुमचा. काय टाइप करू?"

"काहीबी करा. तुमचं नाव करा. तुमच्या पोरांची नावं करा. पर थांबू नगा."

"काय चाललंय काय?" डॉक्टर उठून उभे राहिले.

"साहेब, तुम्ही नुसतं ऐका."

बाईंनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक, त्यांनी टाइप करायला सुरुवात केली. खटखट, खटखट, खट. मी धावत परत आले. भरमूच्या खांद्यावर मान टाकून रतू पुन्हा गाऊ लागली होती.

डॉक्टर जवळ आले. त्यांनी नळी कानात घातली आणि तिचं टोक रतूच्या गळ्यावर टेकवलं. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते. मग त्यांनी नळी काढून भरमूपुढे धरली.

"ऐका."

"नगं साहेब," भरमू म्हणाला. "तुम्ही ल्हिवा काय ल्हिवायचं ते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, ही मुकी नाही. आवाज आहे, तालसुद्धा कळतो. शिकवलं तर पुढे काही शब्दही येतील, नाहीही येतील. पण मुकी मला आता लिहिता येणार नाही. त्यानं टक्के कमी भरतील. काय केलंत ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मला ऐकवलं नसतंत तर—"

"तुम्हास्नी ऐकवायचं नव्हतंच, साहेब," मी म्हणाले. "मला ऐकायचं हुतं."

डॉक्टर मागे फिरले. खुर्चीत बसून त्यांनी आधीचं लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं. "दोन वर्षांनी पुन्हा आणा. तेव्हा पायांचं बघू," ते म्हणाले, आणि त्या वाक्याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळत होता.

कागद पार्टिशनच्या पलीकडे गेला. बाहेर बसा असं शिपाई म्हणाला, पण टायपिस्ट बाईंनी मला आत बोलावून स्टूल दिलं. रतूला मांडीवर घेऊन मी बसले. आमच्या मुलीला पगार बसत नाही, असं त्या कागदावर उमटत होतं, आणि आमची मुलगी त्याच्या ठेक्यावर गात होती. एवढं मन लावून मी आयुष्यात दुसरा कागद ऐकला नाही. सरकारी कागद किती लांबलचक असतात म्हणून लोक बोंब मारतात. तो मला फार लवकर संपल्यासारखा वाटला.

टिंग झालं. बाईंनी कागद ओढून काढला, रतूकडे पाहिलं.

"अगंबाई, कार्बन ठेवायलाच विसरले बघा," त्या म्हणाल्या. "दुसरी प्रत पहिल्यापासून करावी लागणार." आणि त्यांनी नवा कागद चढवला. कार्बनचा ताव त्यांच्या कोपराखालीच होता. या वेळी त्यांनी सावकाश टाइप केलं.

येताना एसटीत भरमू खिडकीकडे तोंड करून बसला. घरी आल्यावरही बोलला नाही. आमच्या गल्लीत न बोलणं म्हणजे समोरच्याकडे न बघणं. तो जेवताना ताटाकडे बघायचा, झोपताना भिंतीकडे. गोकुळाकाकू विचारायला आल्या. मी हातानं नाही म्हणून सांगितलं, आणि मग रतूच्या गळ्याकडे बोट दाखवून ओरडले, "आवाज हाय हिला!" काकूंनी रतूच्या ओठांकडे नीट निरखून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. त्यांना वाटलं, पोरीच्या काळजीनं हिचं डोकं फिरलं.

मी रोज तिला मांडीवर घेऊन गळ्याला बोटं लावायचे. थरथर लागायची, पण ती तिची की मागाची, कळायचं नाही. तहान लागलेली आणि विहीर झाकलेली, अशी माझी गत.

मग एका संध्याकाळी लाईट गेली.

माग एकामागून एक अडखळत थांबले आणि गल्ली चिडीचूप झाली. लगेच बाहेरून शिव्या ऐकू आल्या, कारण लाईट गेली की मजुरी गेली. भरमू कारखान्यातून घरी आला आणि न बोलता भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. रतू खाटेवर गप्प पडली होती, खेळणं काढून घेतल्यासारखा चेहरा करून.

मशीनखालच्या पाटीतून मी दोन रिकाम्या कांड्या घेतल्या आणि फरशीवर वाजवायला लागले. खट, खट, खट, खट. रतूनं मान वळवली. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग आला. तोच बारीक घोगरा सूर, आमच्या खोलीत, आमच्या घरात.

भरमू उठून बसला. एवढ्या शांततेत, एवढ्या जवळून, त्यालाही ऐकू आलं होतं.

"तू करतीयास का?"

आवाज माझा नाही हे कळावं म्हणून मी तोंड उघडून जीभ दाखवली. तो गुडघ्यांवर सरकत खाटेशी गेला आणि त्याचा त्यातल्या त्यात बरा कान रतूच्या छातीवर ठेवला. मी वाजवत राहिले. भरमूच्या कपाळाला हळूहळू आठी पडली.

"शालन, तू चुकीचं वाजवतीयास."

"म्हंजे?"

"ती तुझ्यासंगं न्हाई गात. तिचं येगळंच चाललंय. मधीच एक दम घेतीया बघ. दे इकडं."

त्यानं माझ्या हातातून कांड्या घेतल्या. खट खट, खटाक, खट. खट खट, खटाक, खट. रतूचा सूर त्या ठेक्याला असा जाऊन बसला की तिचे पायसुद्धा हलले. भरमू वाजवता वाजवता थांबला आणि माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं.

"माझा तीन नंबरचा माग हाय ह्यो," तो म्हणाला. "लंगडतोय न्हवं का, मिस्त्री सांगून सांगून दमला, दुरुस्त हुईना. भिंतीपलीकडनं ही माझा माग ओळखती, शालन. बारातला माझा माग."

एवढं बोलून तो रडला. मीही रडले. रतूला मात्र आमचं रडणं अजिबात आवडलं नाही. तिनं उजवा हात कांड्यांवर आपटला, वाजव म्हणून. भरमू नाक पुसत वाजवायला लागला.

लाईट आली तेव्हा सगळी गल्ली "आली, आली!" म्हणून ओरडली. आमच्या घरात भरमू एवढंच म्हणाला, "आली व्हय," आणि कांड्या खाली ठेवून कामावर गेला.

त्यानंतर भरमूनं शेटजींकडे आणखी दोन माग चालवायला घेतले. त्यातून मिरज महिन्यातून एकदा व्हायला लागली, पण आठवड्याचं काम महिन्यानं होत नाही. रतूचे पाय आखडलेच. दोन वर्षांनी पगार बसला, तो त्यामुळे. ती मला आई कधी म्हणाली नाही. पण गल्लीत लाईट गेली की लोक सरकारला शिव्या द्यायचे आणि आम्ही दोघं कांड्या घ्यायला धावायचो, अशी काही वर्षं आम्हाला मिळाली. सतराव्या वर्षी, थंडीत, छातीत कफ होऊन ती गेली.

आता गल्लीत माग राहिले नाहीत. शेटजींनी बाराही भंगारात किलोवर विकले. तीन नंबर टेम्पोत चढवताना भरमू बघायला गेला नाही. चार घरं सोडून कुणाचा कुकर शिट्टी देतो तेही आता मला ऐकू येतं. कुणाचं बाळ हसतं, तेही. इतकी शांतता आम्हाला तेव्हा कुणी दिली असती, तर आम्ही काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही.

भरमूला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. संध्याकाळी तो दारात बसतो आणि त्या दोन कांड्या उंबऱ्यावर वाजवतो. खट खट, खटाक, खट. मधला लंगडा ठेका अजून चुकत नाही. थोड्या वेळानं तो माझ्याकडे बघून गळ्याला बोट लावतो आणि हातानं विचारतो, येतंय का?

मी मान हलवते. येतंय.

मग तो आणखी थोडा वेळ वाजवतो.